तांबडीचे नवे दिवे

४ मार्च, मंगळवार

सासूबाई आज माझ्याशी सलग सात वाक्यं बोलल्या. पाच महिन्यांतला उच्चांक. आणि सातही मोटारसायकलबद्दल.

झालं असं — वाहन कार्यालयाचं पत्र आलं. गाडी जुनी झाली आहे, २८ मार्चच्या आत तपासणीला आणा, नाहीतर नोंदणी रद्द. (पाच ओळींच्या पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका. दिवसभर छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि घरी येऊनही तेच. सवय जात नाही.) नवऱ्याने पत्र वाचलं आणि म्हणाला, "सुटलो. भंगारवाल्याला बोलावतो." सासूबाई जेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मग मी वाळलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेले, तर त्या तिथे. तांबडीवरची ताडपत्री काढून, हातात एक मोडका इंडिकेटर धरून उभ्या. तांबडी म्हणजे त्यांची मोटारसायकल. नाव त्यांनीच ठेवलेलं, गाईला ठेवावं तसं.

मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या — "ट्रकमधून आणताना उजवीकडचे दोन्ही तुटले. मागच्या दिव्याची काचही तडकलीय. बाकी इंजिन ठणठणीत आहे. माझा गुडघा वाकत नाही. तुझा वाकतो. पाना धरता येतो का तुला? शिकशील."

सात. मी "हो" म्हणून मोकळी झाले. आता झोप येईना.

५ मार्च, बुधवार

हे लिहून ठेवलं पाहिजे, म्हणजे पुढे मलाच आठवेल की मी हो का म्हटलं.

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासूबाई माझ्या वाट्याला आल्या त्या वर्षातून दोनदा, सुट्टीत. बाकी त्या डोंगराकडे. फिरती नर्स. अठ्ठावीस वर्षं तांबडीवरून वस्त्या-वस्त्यांना जायच्या — बाळंतपणं, लसी, मोडलेले हात. निवृत्त झाल्या तरी तिथेच राहिल्या. ऑक्टोबरमध्ये डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा नवऱ्याने हट्टाने इकडे आणलं. त्या एका अटीवर आल्या — तांबडीपण येणार.

तेव्हापासून त्या त्यांच्या खोलीत, मी माझ्या मुद्रितांत. "चहा ठेवू का?" "ठेव." संपलं. मला त्यांची भीतीच वाटते, खरं सांगायचं तर. ज्या बाईने शेकडो बाळंतपणं केली तिच्यासमोर मी आमटीत मीठ जास्त झाल्याची माफी मागते!

म्हणून हो म्हटलं. नाही म्हणायची हिंमत नव्हती.

६ मार्च, गुरुवार

दोघी मिळून कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रीला सगळे 'डॉक्टर' म्हणतात, कारण तो इंजिनाला कान लावून रोग सांगतो. त्याने मोडका इंडिकेटर उलटसुलट करून पाहिला.

"हे मॉडेल बंद होऊन जमाना झाला, मावशी. असले दिवे आता नाही मिळायचे. तोडमोड करून एलईडी बसवावे लागतील. चारही बदला, मागचा दिवाही बदला. एक नवा, एक जुना असं चालत नाही."

त्याने एलईडीचा जोड दाखवला. माझ्या करंगळीएवढा. सासूबाईंनी चष्मा काढून पाहिला, चष्मा घालून पाहिला.

"हा दिवा आहे? मागच्या ट्रकवाल्याला काजवा वाटेल. बाजूला घेऊन बघत बसेल."

मोठे दाखवा म्हणाल्या. मोठे निघाले, तेही एलईडीचेच, रबरी दांडीचे, नारिंगी काचेचे, जवळजवळ जुन्यांसारखेच. ते घेतले. मागचा दिवाही घेतला. पण बसवून द्यायला डॉक्टरला सवड नाही. "पुढच्या महिन्यात आणा."

पुढच्या महिन्यात गाडी भंगारात असेल. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आम्हीच बसवू." आम्ही म्हणजे कोण, हे त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं.

८ मार्च, शनिवार

कामाला सुरुवात. त्या खुर्चीवर, मी जमिनीवर फतकल मारून. हात माझे, डोकं त्यांचं.

आधी त्यांनी मला एकही स्क्रू काढू दिला नाही. औषधाच्या पेटीतून चिकटपट्टी काढली, तुकडे कापले, प्रत्येक वायरीवर एकेक गुंडाळायला लावला आणि वर लिहायला लावलं — डावा पुढचा, डावा मागचा, ब्रेक. "दोन बाळं एका वेळी झाली की आधी हातात पट्टी बांधायची. मग कौतुक."

मागचा उजवा बोल्ट गंजलेला. तेल टाकलं, थांबलो, परत टाकलं. मी सगळा जोर लावला आणि बोल्टचं डोकं माझ्या हातात आलं. उरलेलं धड आत. मी घाबरून वर पाहिलं. सासूबाईंच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला. तो मी इथे लिहिणार नाही. अठ्ठावीस वर्षं ट्रकवाल्यांबरोबर एका रस्त्यावर काढल्यावर येत असणार. मला हसू आवरेना. त्याही हसल्या. दात दिसेपर्यंत! त्यांना पुढचा एक दात नाही हे मला आज कळलं.

बोल्टचं धड पक्कडीने काढायला दीड तास लागला.

९ मार्च, रविवार

चारही बसले. सरळ, ताठ. मी मागे सरकून पाहिलं आणि मला माझाच अभिमान वाटला. बटण दाबलं.

काही नाही. एकही पेटला नाही.

नवरा दारातून डोकावला. "मी सांगितलं होतं," म्हणाला आणि आत गेला. काय सांगितलं होतं कोण जाणे.

सासूबाईंनी मला प्रत्येक वायर परत दाखवायला लावली. मग विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "रक्त जातं तसं परतही यायला पाहिजे ना? परतीची वाट कुठाय?" जुने दिवे धातूच्या दांडीचे. वीज त्या दांडीतून गाडीच्या अंगात परत जायची. हे नवे रबरी दांडीचे. परतीची वेगळी काळी वायर होती ती मी 'ही जास्तीची दिसते' म्हणून गुंडाळून, टेप लावून, नीटनेटकी आत खोचली होती. चारही ठिकाणी. छान एकसारखी.

मी तोंडात मारल्यासारखी बसले. सासूबाई म्हणाल्या, "टेप मात्र सुंदर लावलीस."

१० मार्च, सोमवार

छापखान्यात साहेबांनी माझी नखं पाहून विचारलं, "शाई गळतेय का कुठे?" ग्रीस आहे म्हटलं. त्यांनी मुद्रितं दोन बोटांत, कडेला धरून घेतली.

१३ मार्च, गुरुवार

परतीच्या वायरी जोडल्या. दिवे पेटले! पण कसे — वेड लागल्यासारखे. टकटकटकटक. सासूबाईंनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि नाडी मोजावी तसं पंधरा सेकंद मोजलं.

"मिनिटाला दोनशेवर. हिला ताप आहे."

डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, नवे दिवे वीज फार कमी खातात, म्हणून जुन्या रिलेला वाटतं की एखादा बल्ब उडालाय. तो धापा टाकतो. एलईडीचा रिले बसवा. रिले म्हणजे दिव्यांची उघडझाप करणारी काडेपेटीएवढी डबी, बॅटरीजवळ असते. "तुम्हाला जमेल का, वहिनी?" मी म्हटलं, जमेल. आवाज माझाच होता.

१५ मार्च, शनिवार

रिले बदलला. कुणालाही न विचारता. सासूबाई आत औषध घेत होत्या, तोवर झालं होतं. नाडी — ऐंशी. उत्तम.

पण! डावं बटण दाबलं की डावीकडचे दोन लागतात आणि उजवीकडचेही दोन लागतात. उजवं दाबलं तरी चारही. जिकडे वळायचं म्हणाल तिकडे वळतोय, असं सांगणारी गाडी. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सरपंचासारखी." मी पाना टाकून हसले.

मग हसू ओसरलं. तेरा दिवस उरलेत.

१६ मार्च, रविवार

डॉक्टर आज स्वतः आला, गॅरेज बंद म्हणून. हात लावला नाही, नुसतं समजावलं. पुढे मीटरवर एकच छोटा बल्ब आहे, डाव्या-उजव्या दोन्हींसाठी. डावीकडची थोडी वीज त्या बल्बातून उजवीकडे झिरपते. जुने दिवे तेवढ्याने पेटत नव्हते. हे नवे थेंबभर विजेवरही पेटतात. उपाय — दोन डायोड. वीज एकाच दिशेने जाऊ देतात. त्याने खिशातून काढून माझ्या तळहातावर ठेवले. तांदळाच्या दाण्याएवढे.

काम चालू असताना बटण दाबायला कुणीतरी हवं होतं. सासूबाईंना सारखं उठून हँडलपर्यंत जाता येत नाही, माझे दोन्ही हात वायरीत. मी नवऱ्याला हाक मारली. तो आला. तोंड वाकडं करून, पण आला. "डावं." दाबलं. "उजवं." दाबलं. पंधरा-वीस वेळा. एकदाही कुरकुरला नाही.

शेवटी डावीकडचे दोनच लागले. मग उजवीकडचे दोनच. सासूबाईंनी टाळी वाजवली. तो हसला नाही. हँडलवरचा हात मात्र बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळी भांडी पुसताना आपणहून बोलायला लागला. "लहानपणी मला तांबडीचा आवाज पाठ होता. लांबून ओळखायचो. खिडकीत बसायचो — आली, आली — आणि आई पुढच्या वस्तीला निघून जायची. कुणाला तरी कळा सुरू झालेल्या असायच्या. मला वाटायचं, मलाही काहीतरी झालं पाहिजे, मग थांबेल." ताट पुसून कोरडं झालं होतं तरी पुसत होता. "मी रागावलो नाहीये तिच्यावर. फक्त या गाडीवर."

मी त्याच्या हातातून ताट घेतलं.

१९ मार्च, बुधवार

आज सासूबाई मला "पोरी" म्हणाल्या. "पोरी, तो पाना इकडे." बहुतेक त्यांच्या लक्षातही आलं नाही.

२२ मार्च, शनिवार

मागचा दिवा बसवला. आता मला उपदेश लागत नाही, त्या नुसत्या शेंगदाणे सोलत बसतात. तीन वायरी. परतीची आधी जोडली, हे सांगायलाच नको. मग दिवा लावला. झगझगीत लाल. ब्रेक दाबला — मंद झाला.

"थांबताना लाजतेय," सासूबाई म्हणाल्या. दोन वायरींची अदलाबदल झाली होती. मीच पट्टीवर 'ब्रेक' असं लिहिलं होतं आणि मीच चुकीचं वाचलं. दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारी मी. बदलल्या. आता नीट.

नंबरप्लेटवर पांढरा उजेड पडायला खाली वेगळी खिडकी लागते. नव्या दिव्याला ती आहे. मी घेतानाच बघून घेतली होती! यावर सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ते वाक्य इथे दोनदा लिहिणार होते.

मग त्या उठल्या. "जरा धर," म्हणाल्या. मला वाटलं काठी धरायची. गाडी धरायची होती. बाजूच्या ओट्यावर चढून त्या तांबडीवर बसल्या, उजव्या पायाने एक किक मारली आणि ती सुरू झाली. पाच महिने उभी असलेली! मी म्हटलं, "आई, गुडघा." तर म्हणाल्या, "गाडीवर बसल्यावर गुडघ्याचं काही काम नसतं. चढ-उतरायलाच लागतो. तेवढं बघू."

गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. मी मागून पळत. वळताना इंडिकेटर दिला, थांबताना ब्रेक. मागून मला सगळं दिसत होतं — कुठे वळणार, कधी थांबणार. एकही दिवा चुकला नाही.

परत आल्या तेव्हा त्यांचं वय पन्नास वाटत होतं. नवरा त्याच्या दुकानातून यायच्या आत ताडपत्री जागेवर.

२७ मार्च, गुरुवार

हा दिवस पूर्ण लिहिणार, हात दुखला तरी.

नवऱ्याचं म्हणणं, छोटा ट्रक बोलावू, गाडी त्यात घालून नेऊ. सासूबाई म्हणाल्या, "पेशंट चालतोय तर स्ट्रेचर कशाला?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. शेवटी तो दुकानात गेला आणि आम्ही दोघी तांबडीवरून निघालो. त्या पुढे, मी मागे. डोळे मिटून बसायचं ठरवलं होतं. दुसऱ्या चौकात उघडले. त्या इतकी शांत गाडी चालवतात की नवरा दुकानाची व्हॅन कशी हाणतो ते आठवून मला लाज वाटली.

तपासणीच्या आवारात लांब रांग. अधिकारी तरुण, हातात पाटी, चेहरा कंटाळलेला. आमची वेळ आली तेव्हा जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटं उरली होती. डावा — ठीक. उजवा — ठीक. मागचा, नंबरप्लेट — ठीक. "मागचा ब्रेक दाबा." लागला. "पुढचा." हाताचा ब्रेक दाबला.

दिवा लागला नाही.

आम्ही दर वेळी पायाचाच ब्रेक दाबून पाहिला होता. हाताचा कुणाला आठवलाच नाही. तो म्हणाला, "दोन्हींनी लागायला हवा. नापास. पुन्हा तारीख घ्या." पुढची तारीख दहा एप्रिल. नोंदणी उद्या संपते.

सासूबाईंकडे पाहिलं. त्या नुसत्या हँडल धरून बसल्या होत्या, आणि एवढी मोठी बाई मला पहिल्यांदाच लहान दिसली. मी त्याला म्हटलं, "सुट्टीआधी परत आणली तर बघाल?" त्याने घड्याळ पाहिलं. "बारा मिनिटं आहेत, बाई."

गाडी ढकलत भिंतीच्या सावलीत नेली. ब्रेकच्या दांडीखाली छोटा स्विच असतो, दोन स्क्रूवर. कधी उघडला नव्हता. तांबडीच्या पेटीतल्या स्क्रूड्रायव्हरने उघडला. पण आता इतकं कळतं की वीज येते आणि जाते, मध्ये काय अडतंय ते शोधायचं. आत तांब्याच्या दोन पट्ट्या, हिरव्या पडलेल्या. घासायला काही नाही. पर्समध्ये हात घातला — खोडरबर. शाई खोडायचं, खरखरीत टोकाचं. दोन्ही पट्ट्या घासल्या, चमकेपर्यंत. परत बसवताना एक स्क्रू निसटून खाली पडला. सासूबाई गाडीवरून म्हणाल्या, "पायाजवळ आहे. घाई नको. बाळ कुठे पळून जात नाही."

ब्रेक दाबला. भिंतीवर लाल उजेड पडला.

अधिकाऱ्याने पुन्हा पाहिलं. मग वाकून स्विचकडेही पाहिलं. "कोणत्या गॅरेजचं काम?" सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "घरचं."

पास!

परत येताना वाटेत थांबून दोघींनी उसाचा रस — नाही, त्यांनी दोन पेले घेतले, मी एक. तिथे त्यांनी माझा काळा झालेला हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला, पेशंटचा पाहावा तसा. "चांगला हात आहे," म्हणाल्या. बस. एवढंच.

२८ मार्च, शुक्रवार

नवऱ्याने प्रमाणपत्र वाचलं, घडी घातली, आणि म्हणाला, "भंगारवाल्याला नको सांगतो."

३० मार्च, रविवार

सासूबाई मला गाडी शिकवतायत. शाळेमागच्या मोकळ्या मैदानात. मी तीनदा बंद पाडली, एकदा फुटबॉलच्या जाळीत घातली. "क्लच सोडताना घाई करतेस. सगळ्यातच घाई करतेस, बोलणं सोडून." चौथ्यांदा सरळ गेले! नवरा कट्ट्यावर बसून बघत होता, शेवटी ओरडला, "इंडिकेटर!" मी वळताना विसरले होते.

घरी येऊन तिघांनी पडवीत चहा घेतला. दर रविवारी असंच करायचं, मी मनाशी ठरवून टाकलं.

३१ मार्च, सोमवार

आई गेल्या. — नको, भलताच अर्थ होतो. आई गाडीवरून निघून गेल्या, सकाळी साडेसहाला. डोंगराकडे. त्यांच्या जागेवर कुणी नर्स टिकत नाही, दोन मोसम जागा रिकामी. फेब्रुवारीतच तिकडून त्यांना विचारलं होतं आणि त्या हो म्हणून बसल्या होत्या — गाडी दुरुस्त झाली तर. मला सांगितलं असतं तर मी नवऱ्याला सांगितलं असतं, म्हणाल्या. खरंच आहे. निघायच्या आधी त्याला त्यांनी स्वतः उठवलं, त्याच्या पलंगावर बसून सगळं सांगितलं. तो बाहेर आला तो डोळे चोळतच. एवढंच विचारलं, "किती दिवस?" सहा महिने. मग फाटकाची कडी त्यानेच काढली.